सुई कुणाचं ऐकतेय?

बाहेरचं काही न दिसता नुसत्या उपकरणांवर विमान उडवण्याच्या, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या, प्रशिक्षणात माझे सर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे. "सुई कुणाचं ऐकतेय?"

विमान सरळ चाललेलं असो, वळत असो, मी कंट्रोलरशी बोलत असो, उजव्या सीटवरून मध्येच हा प्रश्न यायचा. मी समोरच्या डायलवर नजर टाकायचे आणि सांगायचे, "जीपीएसचं, सर." किंवा, "आयएलएसचं, सर." बराच काळ मला तो पाढे म्हणून घेण्यातलाच प्रकार वाटत होता. त्या प्रश्नात किती काय आहे हे ज्या सकाळी कळलं, त्या सकाळी माझ्या समजुतीप्रमाणे मी सगळं बरोबर केलं होतं.

डोक्यावर हूड होतं. हूड म्हणजे कपाळावरून पुढे येणारी प्लास्टिकची झाप. ती चढवली की खिडकीबाहेरचं जग बंद होतं आणि समोरची उपकरणं तेवढी उरतात. आयएलएस ॲप्रोच करायचा होता, म्हणजे रेडिओझोतांच्या आधाराने धावपट्टीकडे उतरत यायचं होतं. धावपट्टीजवळच्या अँटेनांमधून दोन रेडिओझोत निघतात. एक धावपट्टीच्या मध्यरेषेची दिशा दाखवतो, दुसरा उतरण्याचा कोन, बहुतेक ठिकाणी 3 अंशांचा. डायलमधली उभी सुई पहिल्या झोताची, आडवी सुई दुसऱ्याची. मी ॲप्रोच नॅव्हिगेटरमध्ये, म्हणजे पॅनेलवरच्या मार्ग दाखवणाऱ्या यंत्रात, वेळेत लोड केला होता. फ्रिक्वेन्सी स्टँडबायमधून ॲक्टिव्हमध्ये आणली होती. हेडसेटमध्ये येणारी मोर्सची ओळख चार्टवरच्या टिंब-रेघांशी ताडून पाहिली होती. कंट्रोलरने शेवटचं वळण दिलं, तेही जरा उशिराच. विमान वळलं, उभी सुई सरकत मध्यावर आली आणि तिथे ठाम उभी राहिली.

आता आडवी सुई वरून खाली येईल, मध्यावर आली की पॉवर थोडी कमी करायची आणि तिच्याबरोबर उतरायला लागायचं. मी वाट पाहत राहिले. सुई येईना. मी वेग तपासला, उंची तपासली, पुन्हा डायलकडे पाहिलं. उभी सुई इतकी सरळ होती की काही बिनसलंय हे मनाला पटत नव्हतं. फायनल ॲप्रोच फिक्स, म्हणजे जिथून शेवटचा उतार सुरू होतो तो बिंदू, मागे पडला तरी विमान त्याच उंचीवर.

"सुई कुणाचं ऐकतेय?"

मी नॅव्हिगेटरच्या पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे तीन अक्षरं होती: जीपीएस.

रेडिओ आयएलएस ऐकत होता. मी स्वतः कानांनी आयएलएस ऐकलं होतं. सुई मात्र उपग्रहांचं ऐकत होती. जीपीएसला त्या धावपट्टीची मध्यरेषा डेटाबेसमधून ठाऊक होती, म्हणून उभी सुई खरीच वाटत होती, आणि ती खोटी नव्हतीही. पण आयएलएसच्या उतरत्या झोताबद्दल सांगण्यासारखं जीपीएसकडे काही नव्हतं. सीडीआय असं लिहिलेलं एक बटण दाबायचं राहिलं होतं. ते दाबलं की जीपीएसच्या जागी व्हीलॉक येतं, म्हणजे सुई रेडिओकडे वळते. हे काम यंत्र पुष्कळदा आपणहून करतं, पण त्याच्या अटी आहेत. आम्ही फिक्सच्या फार जवळ येऊन मध्यरेषेवर वळलो होतो आणि इतक्या जवळ आल्यावर ते आपणहून बदलत नाही. मी यंत्र करेल म्हणून सोडून दिलं होतं, आणि केलं की नाही हे पाहिलं नव्हतं.

आम्ही मिस्ड ॲप्रोच करून, म्हणजे उतरणं सोडून, वर गेलो. सर काही बोलले नाहीत. खाली उतरल्यावर विमान बांधता बांधता एवढंच म्हणाले, "अगं, मध्यावरची सुई सगळ्यात जास्त फसवते. बाजूला गेलेली सुई निदान हाक तरी मारते."

त्या रात्री मी जीपीएसचा इतिहास वाचत बसले आणि एका जागी थांबले. ही उपग्रह-यंत्रणा अमेरिकेच्या लष्करासाठी उभी राहत होती. ती नागरी विमानांनाही मोफत वापरता येईल, अशी घोषणा अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने सप्टेंबर 1983 मध्ये केली. तिला कारण होती त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेची घटना. अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं बोइंग 747, उड्डाण क्रमांक 007, आपला मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि साखालिनजवळ लढाऊ विमानाने ते पाडलं. 269 माणसं गेली. विमानातल्या नोंदयंत्रांचा उलगडा व्हायला पुढे दहा वर्षं गेली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1993 मध्ये जो निष्कर्ष काढला तो असा: ऑटोपायलट दिशेच्या मोडवरच राहिला असावा, किंवा त्याला मार्गदर्शन यंत्रणेकडे वळवलं तेव्हा विमान मार्गापासून इतकं लांब गेलेलं होतं की त्याने तो मार्ग पकडलाच नाही. आणि हे कॉकपिटमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही.

विमानात मार्ग ठाऊक असलेली यंत्रणा होती, एक नाही, तीन. तिन्ही चालू होत्या. विमान त्यांचं ऐकत नव्हतं. म्हणजे जे जीपीएस मी वापरते ते माझ्या हातात आलं, तेच मुळी कुणीतरी सरांचा प्रश्न न विचारल्यामुळे. हे वाचल्यापासून तो प्रश्न मला पाढ्यांसारखा वाटलेला नाही.

आता यंत्राबद्दल. छोट्या विमानांत सगळ्यात जास्त दिसलेला नॅव्हिगेटर म्हणजे गार्मिनचा जीएनएस 430. तो 1998 मध्ये आला. पुढे 2011 मध्ये टचस्क्रीनवाले जीटीएन आले, पण 430 आजही असंख्य विमानांच्या पॅनेलमध्ये आहे. मीही त्यावरच शिकले. हाताच्या पंजाएवढा पडदा, डावीकडे फ्रिक्वेन्सीचे नॉब, खालच्या कडेला बटणांची ओळ आणि उजवीकडे खाली एकात एक बसवलेले दोन नॉब. बाहेरचा मोठा नॉब कर्सर पुढे-मागे नेतो, आतला छोटा अक्षर बदलतो. पाच अक्षरी वेपॉइंट, म्हणजे मार्गावरचा बिंदू, भरायचा तर ए पासून झेडपर्यंतचा प्रवास पाच वेळा. खडबडीत हवेत बोटांत धरलेला नॉब एक खाच जास्त फिरतो आणि एमचा एन होतो. म्हणून मनगट पॅनेलला टेकवून मग नॉब फिरवायचा. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही, सरांच्या हाताकडे बघून शिकले.

ॲप्रोच भरायचा तर प्रॉक बटण. विमानतळ निवडा, त्याचे ॲप्रोच यादीत येतात, हवा तो घ्या. मग यंत्र विचारतं, कुठून येणार? ॲप्रोचच्या सुरुवातीचे जे बिंदू असतात त्यांतला एक निवडायचा, नाहीतर व्हेक्टर्स, म्हणजे कंट्रोलर दिशा देत देत थेट शेवटच्या रेषेवर आणून सोडणार. आणि मग सगळ्यात शेवटी दोन शब्द शेजारी शेजारी येतात: लोड, ॲक्टिव्हेट.

कर्सर एका शब्दावर लुकलुकत असतो. एंटर दाबायचं असतं.

या दोन शब्दांमधलं अंतर मला फार मोलाचं वाटतं. बॅग भरून दाराशी ठेवणं वेगळं आणि घराबाहेर पडणं वेगळं. लोड केलं की ॲप्रोचचे सगळे बिंदू तुमच्या मार्गाच्या शेवटी जाऊन बसतात. विमान आहे त्याच वाटेने चालत राहतं. पडद्यावर तुमची आत्ताची वाट किरमिजी रंगात, पुढची पांढऱ्यात. काही बदलत नाही, फक्त पुढचं मांडून ठेवलं जातं. ॲक्टिव्हेट केलं की यंत्र मधली वाट सोडून देतं आणि विमान जिथे असेल तिथून सरळ ॲप्रोचच्या पहिल्या बिंदूकडे रेघ ओढतं. ऑटोपायलट नॅव्ह मोडवर, म्हणजे यंत्राच्या रेघेवर, असेल तर तो विचारत बसत नाही, वळतो.

माझं तसं एकदा झालं. विमानतळ 40 मैलांवर होता. कंट्रोलर म्हणाला, अमुक धावपट्टीचा आरनॅव्ह, म्हणजे जीपीएसवरचा, ॲप्रोच अपेक्षित ठेवा. "अपेक्षित ठेवा" या शब्दांचा अर्थच "आत्ता नाही" असा आहे. मी प्रॉक दाबलं, ॲप्रोच निवडला आणि घाईत ॲक्टिव्हेटवर एंटर केलं. विमान डावीकडे कललं. पहिले दोन सेकंद मला वाटलं हवेचा झोत आहे. तिसऱ्या सेकंदाला कंट्रोलरचा आवाज आला, तुम्ही वळताय का? मी हेडिंग मोड घेऊन, म्हणजे दिशा स्वतः ठरवून, विमान परत वाटेवर आणलं. वाहतूक कमी होती, जवळपास कुणी नव्हतं. तरी मानेवरून घाम उतरल्याचं मला आठवतं. जिथे जायची परवानगी नाही तिथे मी निघाले होते आणि माझ्याआधी ते रडारवर बसलेल्या माणसाला कळलं होतं.

तेव्हापासून एंटर दाबण्याआधी शब्द मोठ्याने वाचायचा. "लोड." मग एंटर.

व्हेक्टर्सबद्दलही माझं मत आता पक्कं झालं आहे. कंट्रोलर दिशा देणार आहे असं कळलं की व्हेक्टर्स निवडायचा मोह होतो, कारण पडदा स्वच्छ दिसतो, शेवटची एक लांब रेघ आणि धावपट्टी. पण 430 सारख्या यंत्रात तसं केलं की फायनल फिक्सच्या आधीचे बिंदू यादीतून जातात. आणि कंट्रोलरचं मन बदलतं, त्याच्याकडे इतर दहा विमानं असतात. तो म्हणतो, "अमक्या बिंदूकडे थेट जा", आणि तो बिंदू आपल्या यादीत नसतो. मग ढगात, वळता वळता, सगळं पुन्हा भरायचं. काही नव्या यंत्रांत हे बदललं आहे. मी मात्र पूर्ण ॲप्रोच सुरुवातीच्या बिंदूसह लोड करते आणि गरज लागेल तेव्हा फ्लाइट प्लॅनच्या पानावर फायनल फिक्सवर कर्सर नेऊन डायरेक्ट बटण दोनदा दाबते. यंत्र विचारतं, हा लेग, म्हणजे मार्गाचा हा तुकडा, ॲक्टिव्हेट करू? करायचा. रेघ तीच मिळते आणि मागचे बिंदू हाताशी राहतात.

घाईत भरलेल्या एका अक्षराने काय होतं याची एक गोष्ट प्रत्येक वैमानिकाला ऐकवली जाते, आणि ऐकवली जायलाच हवी. 20 डिसेंबर 1995 ची रात्र. मायामीहून कोलंबियातल्या काली शहराकडे निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग 757, उड्डाण 965. कॉकपिटमध्ये एका धावपट्टीची तयारी झालेली होती. कंट्रोलरने विचारलं, वारा शांत आहे, समोरून सरळ धावपट्टी 19 वर येता का? उशीर झाला होता, त्यांनी हो म्हटलं. उंची झटपट कमी करायची होती, नवा ॲप्रोच शोधायचा होता, चार्ट बदलायचा होता. रोझो नावाच्या रेडिओ बीकनकडे जायचं होतं. चार्टवर त्याची खूण होती आर. त्यांनी फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरमध्ये आर भरलं. यादीत सगळ्यात वर जो आर आला तो रोझो नव्हता. तो होता रोमियो, बोगोटाजवळचा, शंभराहून जास्त मैल दूर. रोझो हवा असेल तर पूर्ण नाव टंकावं लागत होतं. विमान डावीकडे, पूर्वेला वळलं. त्या काळोखात तिकडे डोंगर होते. काहीतरी चुकतंय हे कळून त्यांनी परत उजवीकडे वळण घेतलं, पण विमान उतरतच होतं. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला, त्यांनी पूर्ण जोर लावला, आणि पंखांवरचे स्पीडब्रेक, म्हणजे वेग मारणाऱ्या झडपा, उघडेच राहिले. विमानातल्या 163 जणांपैकी चौघं वाचली.

जेव्हा जेव्हा मी ही गोष्ट वाचते तेव्हा माझं लक्ष त्या वळणाच्या पहिल्या काही सेकंदांकडे जातं. पडद्यावर रेघ डावीकडे गेलेली दिसत होती. ती कुणी पाहिली असती, आणि ती चार्टवर नाही असं म्हणायला एका माणसाला दोन सेकंद मोकळे असते तर. दोन अनुभवी माणसं होती, यंत्र धडधाकट होतं. मोकळे सेकंद नव्हते. माझ्या मते ॲप्रोच आधीच लोड करून ठेवण्याचं सगळं मोल इथे आहे. ते सेकंद नंतर मिळत नाहीत, आधीच बाजूला काढून ठेवावे लागतात.

म्हणून मी काय करते ते सांगते. विमानतळाचं हवामान मिळालं, कुठली धावपट्टी असेल याचा अंदाज आला, की लगेच लोड. मग यंत्राचं पान आणि चार्ट शेजारी धरून एकेक बिंदू मोठ्याने वाचायचा. नाव, पुढची दिशा, अंतर. 430 बिंदूंच्या नावापुढे बारीक अक्षरं लावतं: आयए म्हणजे सुरुवातीचा बिंदू, एफए म्हणजे फायनल फिक्स, एमए म्हणजे मिस्ड ॲप्रोच पॉइंट, एमएच म्हणजे त्यानंतरचा होल्ड, वाट पाहत घिरट्या घालायची जागा. ही अक्षरं फार छोटी असतात आणि फार कामाची. दिशेत एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक दिसला तर घाबरायचं कारण नसतं, चुंबकीय उत्तरेचा हिशेब यंत्र आणि चार्ट वेगवेगळ्या वर्षांच्या आकड्यांवर करतात. पण बिंदूच वेगळा असेल, किंवा मधला एक गाळलेला असेल, तर थांबायचं. डेटाबेसची तारीख तर जमिनीवरच बघायची. जगभरातली ही माहिती दर 28 दिवसांनी, गुरुवारी, बदलते. कुठे तरी एखादा मनोरा उभा राहिलेला असतो, कुठे एखादी कमीत कमी उंची शंभर फुटांनी वाढलेली असते.

चार्टवर बोट आणि पडद्यावर नजर, असं वाचताना मला लहानपणी शुद्धलेखन तपासताना एकजण वाचायचा आणि दुसरा ओळीवर बोट ठेवायचा ते आठवतं. तोच शांतपणा त्यात आहे. इंजिनाचा एकसुरी आवाज, गुडघ्यावर चार्ट, आणि अजून काहीच सुरू झालेलं नाही. उड्डाणातली माझी सगळ्यात आवडती पाच मिनिटं हीच.

विमानतळ जवळ येऊ लागला की यंत्र आपलं माप बदलतं, आणि हे पाहण्यासारखं असतं. आधी वाटेवर असताना सुई पूर्ण बाजूला गेली तर त्याचा अर्थ तुम्ही रेषेपासून 2 नॉटिकल मैल लांब आहात. साधारण 30 मैलांच्या आत आलात की तीच सुई 1 मैलाचं माप दाखवू लागते, आणि कोपऱ्यात टर्मिनलची खूण येते. फायनल फिक्सच्या 2 मैल आधीपासून माप आणखी आवळत जातं, 0.3 मैलापर्यंत. सुई तीच, डायल तोच, पण तिच्या एका ठिपक्याची किंमत आता कितीतरी पटींनी वाढलेली असते. नवख्या माणसाला वाटतं आपलं उडणं बिघडलं, सुई अचानक चंचल झाली. सुई चंचल झालेली नसते. ती जास्त बारकाईने बोलू लागलेली असते.

याच टप्प्यावर पडद्यावर एक शब्द यायला हवा. एलपीव्ही, किंवा एलनॅव्ह, किंवा यंत्र आणि ॲप्रोच ज्या प्रकारचे असतील तो. ही खूण म्हणजे यंत्राची कबुली असते: मला माझी जागा किती खात्रीने माहीत आहे. एलपीव्ही ही सगळ्यात वरची पायरी, उभी आणि आडवी दोन्ही सुया देणारी. एलनॅव्ह तिच्या खालची, नुसत्या उभ्या सुईची. काही धावपट्ट्यांवर तिने आयएलएससारखंच 200 फुटांपर्यंत खाली येता येतं, आणि धावपट्टीजवळ एकही अँटेना लागत नाही. मला यात अजूनही नवल वाटतं. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंच फिरतायत. त्यांचा संदेश वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्याने जागेचा हिशेब काही मीटरांनी चुकतो. मग जमिनीवर अचूक मोजलेल्या ठिकाणी उभी केलेली केंद्रं ती चूक मोजतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहामार्फत विमानाला पाठवतात. अमेरिकेत ही दुरुस्तीची यंत्रणा, वास, 2003 मध्ये सुरू झाली. युरोपात एग्नॉस आहे आणि भारतात गगन. दुरुस्तीबरोबर ती आणखी एक गोष्ट पाठवते, आणि वैमानिकाला तीच जास्त मोलाची: या संदेशावर विश्वास ठेवू नका, असं सेकंदांत सांगणं.

त्यामुळे कधी कधी फायनल फिक्सच्या मिनिटभर आधी संदेश येतो की ॲप्रोचची पायरी उतरली आहे, एलनॅव्हच्या उंचीपर्यंतच जा. त्या क्षणी चार्टवरचा किमान उंचीचा दुसरा आकडा लागतो. धावपट्टी दिसल्याशिवाय त्याच्या खाली जायचं नसतं. तो आधी वाचून ठेवलेला असेल तर नुसता "420 नाही, 680" असा बदल होतो. नसेल तर ढगात खाली उतरता उतरता बारीक अक्षरांचा तक्ता शोधायचा. मी दोन्ही आकडे पेन्सिलीने मोठे लिहून ठेवते. आणि कुठलीच खूण आली नाही, टर्मिनलच राहिलं, तर उतरायचंच नाही. सुई कितीही मध्यावर असो.

एलनॅव्ह अधिक व्ही अशीही एक खूण असते, तिच्याबद्दल एवढंच की त्यातली आडवी सुई यंत्राने सोयीसाठी काढून दिलेली असते. ठरलेल्या किमान उंचीच्या खाली त्या उतारावर अडथळा नाही याची हमी तिच्यात नसते. दिसायला ती अगदी एलपीव्हीसारखीच दिसते.

सरांना निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्याबरोबरच्या शेवटच्या उड्डाणात त्यांनी एकदाही तो प्रश्न विचारला नाही. मी वाट पाहत होते. शेवटी मीच म्हणाले, "सुई जीपीएसचं ऐकतेय, सर." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "मला कळलंय," म्हणाले, "तू बोलतेस ते मला ऐकू येतं." मी इतका वेळ सगळं मोठ्याने म्हणत होते हे मलाच माहीत नव्हतं.

मागच्या पावसाळी हंगामात मी एकटी उडत होते. खाली सपाट, करडा ढगांचा थर, हवामानाच्या निवेदनात ढगांचा तळ माझ्या किमान उंचीच्या जेमतेम वर. ॲप्रोच 50 मैलांवरच लोड झाला होता. बिंदू वाचून झाले होते, दोन्ही आकडे गुडघ्यावर होते. फिक्सच्या आधी एलपीव्ही आलं. थरात शिरले आणि काचेवर पाण्याच्या रेघा मागे मागे धावू लागल्या. दोन्ही सुया मध्यावर. मी प्रत्येक 100 फुटांना उंची म्हणत होते. किमान उंचीला डोळे वर केले. करडं. तेवढंच.

मिस्ड ॲप्रोचमध्ये हात बटणाकडे जायला बघतो, कारण यंत्र त्या बिंदूवर येऊन थांबतं. कोपऱ्यात सस्प उमटतं, म्हणजे पुढचा बिंदू ते आपणहून घेणार नाही, तुम्ही सांगायची वाट पाहील. ही वाट पाहणं मला योग्य वाटतं. धावपट्टी दिसली की नाही हे त्याला ठाऊक नाही, ते मलाच माहीत. पण बटण नंतर. आधी पूर्ण पॉवर, मग नाक वर, मग उंची वाढतेय याची खात्री, फ्लॅप, चाकं. उंचीचा काटा सरळ वर फिरू लागला तेव्हा मी ओबीएस बटण दाबलं. सस्प गेलं. रेघ धावपट्टीच्या पुढे वाढली आणि वळून होल्डच्या लंबगोलात जाऊन मिळाली.

"सुई जीपीएसचं ऐकतेय," मी म्हणाले. उजवी सीट रिकामी होती, तिच्यावर चार्टचं पॅड पडलेलं होतं.

होल्डमध्ये पहिली फेरी झाल्यावर कंट्रोलरने विचारलं, काय करणार? इंधन भरपूर होतं, पर्यायी विमानतळावरचं आकाश मोकळं होतं. मी तिकडे जाते म्हटलं. नवी परवानगी लिहून घेतली, परत वाचून दाखवली, मार्ग भरला, विमान त्या दिशेला वळवलं. ढगांच्या वर ऊन होतं. मग मनगट पॅनेलला टेकवलं, प्रॉक दाबलं, तिथला ॲप्रोच निवडला, सुरुवातीचा बिंदू निवडला. दोन शब्द शेजारी शेजारी आले.

"लोड," मी वाचलं, आणि एंटर केलं.